पाच लाखांच्या कार्डावरचा चष्मा

मंगळवारी सकाळी गीताबाईंचा चष्मा खाटेवर होता आणि मंगळवारी सकाळीच अर्जुनराव त्या खाटेवर बसले. कडकन आवाज आला.

"काय मोडलं हो?" चुलीपासून गीताबाईंनी विचारलं.

"खाटीचा पाय असन," म्हणत अर्जुनरावांनी खाली हात घातला. हातात एक काडी आली, मग दुसरी काडी, आणि शेवटी पाऊण काच.

गीताबाई बाहेर आल्या. "एवढा मोठा चष्मा दिसला नाई तुमाले?"

"दिसला असता त बसलो असतो का?"

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं, तरी गीताबाई अर्धा तास बोलल्या. त्यांचंही बरोबर होतं. धाड गावाच्या अलीकडे त्यांचा वांग्या-मेथीचा मळा, आणि घरात दोघंच. एकुलत्या एक लेकीला, छायाला, लग्नानंतर आठ वर्षांनी मुलगी झालेली. रविवारी बारसं होतं. नातीसाठी शिवायला घेतलेली गोधडी अजून अर्धी होती आणि चष्म्याशिवाय गीताबाईंना सुईचं नेढं दिसत नव्हतं. आठ वर्षं वाट पाहून झालेल्या नातीला बाजारची गोधडी नेणारी आजी ही त्यांच्या लेखी आजीच नव्हती.

"नवा आणून देतो," अर्जुनराव म्हणाले. आणि एकदम त्यांचा चेहरा उजळला. "तेही फुकट! आपलं कार्ड हाय ना!"

कार्ड म्हणजे सरकारी दवाखान्याचं, पाच लाखांपर्यंतच्या उपचाराचं. तीन वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीत अंगठे देऊन काढलेलं आणि तेव्हापासून पेटीत पडून राहिलेलं. शेजारच्या भगवानरावांनी त्याच कार्डावर काळजाचं ऑपरेशन करून घेतलं होतं आणि पारावर त्यांना आता निराळाच मान होता. अर्जुनरावांच्या घरात मात्र कोणाला धड पडसंही होत नव्हतं. पाच लाख वाया चालले, ही खंत त्यांना मनातून खात होती.

"चष्म्याले चालते का ते?" गीताबाईंनी शंका काढली.

"काळजाले चालते, मंग डोळ्याले काऊन नाई चालन?"

बुधवारी सकाळी दोघं फाट्यावर उभे राहिले. गीताबाईंनी पिशवीत अर्धी गोधडी, सुई आणि दोरा घेतला होता. चष्मा बरोबर लागला की नाही, हे त्या दुकानातच दोरा ओवून पाहणार होत्या. लांबून काहीतरी लाल येताना दिसताच अर्जुनरावांनी हात केला.

"हात खाली घ्या, एस.टी. नाई ते. रेतीचा टिप्पर हाय."

"माहीत हाय मले. ओळखीचा डायवर असन म्हणून हात केला."

बुलढाण्यात पहिल्याच दुकानात अर्जुनरावांनी काउंटरवर कार्ड ठेवलं. दुकानदार सभ्य होता.

"बाबा, आमच्याकडे फोनवरून पैसे चालतात, बँकेचं कार्ड चालतं. हे नाही चालत. हे दवाखान्याचं आहे."

"अरे, पाच लाख हाईत याच्यात! तुह्या दुकानातले सारे चष्मे घेतले तरी उरतीन!"

"उरतील ना. पण ते मला कसे मिळतील?"

अर्जुनराव रागारागाने बाहेर पडले. "यालेच नाई घेता येत. घेणारं दुकान असन कुठीतरी. ते पाह्य, पाटीवर केवढा चष्मा काढेल हाय!" गीताबाई काही म्हणायच्या आत ते रस्ता ओलांडून आत शिरलेही.

"हे कार्ड चालते का?"

आतल्या माणसाने हातातला पाना खाली ठेवला. "काय बसवायचं?"

"काचा."

"काचा? सायकलीले?"

मागून येऊन गीताबाईंनी नवऱ्याचा दंड धरला. "सायकलीचे चाकं हाईत ते पाटीवर. चला."

"असे चाकं काढते का कोणी? रंगाऱ्याले अक्कल नाई," अर्जुनराव पुटपुटले.

तिसऱ्या दुकानात प्रेरणा नावाची मुलगी बसली होती. तिने कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि समजावून सांगितलं, "आजोबा, यावर चष्मा नाही मिळत. दवाखान्यात भरती झालं तर उपचार मिळतो."

यातलं पहिलं वाक्य अर्जुनरावांनी रस्त्यावर सोडून दिलं आणि दुसरं घेऊन ते निघाले. गीताबाईंनी, दुकानात आलोच आहोत तर विकत घेऊ, असं दोनदा सांगून पाहिलं. पण आता प्रश्न चष्म्याचा राहिला नव्हता, कार्डाच्या अब्रूचा झाला होता.

कार्ड चालतं अशा एका डोळ्यांच्या दवाखान्यात सुवर्णा सिस्टर खिडकीमागे बसल्या होत्या.

"काय त्रास आहे?"

"चष्मा मोडला," अर्जुनराव म्हणाले.

"पेशंट कोण?"

"हे. माही मंडळी."

सिस्टरांनी कार्ड पाहिलं. "पण यावर फोटो तुमचा आहे, नाव तुमचं आहे. प्रत्येकाचं कार्ड वेगळं असतं. यांचं कुठंय?"

गीताबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. पेटीत दोन कार्डं होती. अर्जुनरावांनी घाईत वरचं उचललं होतं.

"फोटो त पाहायचा!"

"दोनी फोटो सारखेच दिसतात त्याच्यावर," अर्जुनराव म्हणाले. चाळीस वर्षांच्या संसारात असं वाक्य त्यांनी पहिल्यांदाच काढलं आणि गीताबाईंना ते मुळीच आवडलं नाही.

पण अर्जुनराव हार मानणारे नव्हते. बायकोला कोपऱ्यात घेऊन ते कुजबुजले, "कार्ड माह्यं, त तपासणी माही होऊ दे. मी दिसत नाई असं सोंग करतो. चष्मा भेटला की तू लाव."

"अन् तुमच्या नंबरचा मले कसा लागन हो बापा?"

"तुले जेवढं दिसत नाई तेवढंच मी सांगतो. तू फक्त सांग, तुले काय दिसत नाई?"

गीताबाईंनी कपाळाला हात लावला.

पेशंट मीच, असं खिडकीत सांगून अर्जुनराव तपासणीच्या खुर्चीत बसले. आयुष्यात त्यांनी कधी मापात वांगं कमी टाकलं नव्हतं. खोटंही मापातच बोलायचं होतं. एखाददुसरं अक्षर चुकवायचं, जास्त नाही, असं त्यांनी ठरवलं.

"समोरच्या बोर्डावरची सगळ्यात वरची ओळ वाचा," डॉक्टर म्हणाले.

अर्जुनरावांनी समोर पाहिलं. पांढरी भिंत होती. ते थांबले. भिंत पांढरीच राहिली.

"डॉक्टरसाहेब, पहिले बोर्ड त लावा."

सिस्टर खुदकन हसल्या. डॉक्टर हसले नाहीत. "बोर्ड समोरच आहे, बाबा."

"सोंग पुरे झालं," गीताबाई दारातून हळूच म्हणाल्या. "एवढं नोका करू."

"सोंग नाई व," अर्जुनराव म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम लहान झाला. "मले खरंच नाई दिसून राह्यलं."

डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. "इतके दिवस तुम्ही शेतात कसे वावरलात?" त्यांनी विचारलं.

"पायाले रस्ता पाठ हाय. अन् बाकीचं ही सांगते."

ऑपरेशन करावं लागणार होतं, आणि ते कार्डावर होणार होतं. हे ऐकताच अर्जुनरावांची भीती निम्मी झाली. "म्हंजे भरती? भगवानरावासारखी?"

"हो, भरती."

"पाह्य!" ते बायकोला म्हणाले. "चाललं ना कार्ड!"

सिस्टर बोट ठेवतील तिथे ते कागदांवर सह्या करत होते तेवढ्यात गीताबाई दवाखान्याबाहेर गेल्या. फाटकापाशी एक माणूस हातगाडीवर चष्मे विकत होता. त्यांनी पिशवीतून सुई काढली आणि एकेक चष्मा लावून दोरा ओवून पाहिला. चौथ्या चष्म्याने दोरा गेला. कनवटीची गाठ सोडून, भावही न करता, त्या चष्मा घेऊन परत आल्या.

गुरुवारी सकाळी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी बांधून अर्जुनराव पडून होते आणि शेजारी स्टुलावर बसून गीताबाई गोधडी शिवत होत्या. वडिलांच्या ऑपरेशनचं ऐकून फोनवर छाया रडकुंडीला आली होती. तिला समजावत, सासरची चौकशी करत, नवऱ्याच्या तोंडात मधूनच बिस्किट घालत त्यांनी दिवस मावळायच्या आत शेवटचा टाका घातला आणि दोरा दाताने तोडला.

शुक्रवारी सकाळी सिस्टरांनी पट्टी सोडली. थेंब घातले आणि हातात एक काळा चष्मा दिला. "हा उन्हात लावायचा. दवाखान्याकडून आहे, पैसे नाहीत."

अर्जुनरावांनी चष्मा हातात धरला, पण लावला नाही. ते समोर बसलेल्या गीताबाईंकडे पाहत होते. बराच वेळ पाहत होते.

"काय पाहून राह्यले?" गीताबाईंनी पदर सावरला.

"तुहे केस एवढे पांढरे कधी झाले व?"

"झाले त्याले धा वर्सं झाले."

"मले त काळेच दिसत होते," अर्जुनराव चकित होऊन म्हणाले. "कालपरवापर्यंत. पार लग्नातल्यासारखे."

गीताबाईंनी गोधडीची घडी घातली, ती मोडली, पुन्हा घातली.

"पुढच्या महिन्यात दुसऱ्या डोळ्यासाठी या," सिस्टर कागद देत म्हणाल्या. "कोणत्या तारखेला येता?"

"नोका लिहू, बाई," गीताबाई घाईघाईने म्हणाल्या. "तो एक डोळा राहू द्या तसाच."