वजाबाकीची छप्पन्न मिनिटं

कारखान्यात सगळे त्याला पाठीमागे 'वजाबाकी' म्हणत. (ते पाठीमागे म्हणतात, हा समज फक्त त्याचा.) त्याचं काम वेळ मोजायचं. स्टॉपवॉच घेऊन तो कामगाराच्या शेजारी उभा राही. कामगाराने घाम पुसला, पाणी प्यायलं, पाठ सरळ केली, की वॉच बंद. उरलेल्या वेळावरून कामगाराचं रोजचं काम ठरे. "साहेब, माणूस असा सलग चालत नाही," असं एकदा फिटर म्हणाला होता. ते बोलायला लागलेले सहा सेकंदही त्याने वजा केले होते.

पन्नाशीला डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तर हा पळायलाच लागला. खरं कारण मेहुणा. मेहुणा दहा किलोमीटरची शर्यत एका तासात पळाला होता आणि त्याचं मेडल बहिणीने, म्हणजे याच्या बायकोने, कौतुकाने याच्याच हॉलमध्ये टांगलं होतं. टीव्हीच्या बरोब्बर वर, म्हणजे नजर चुकवायचीही सोय नाही. बावीस वर्षांच्या संसारात त्या भिंतीवर नवऱ्याचं म्हणून काहीही लागलं नव्हतं, आणि हे त्याला फार लागलं होतं.

त्याने त्याच शर्यतीत नाव घातलं आणि रोज सकाळी दहा किलोमीटरचा फेरा सुरू केला. सिग्नल लागला, वॉच बंद. धाप लागली, वॉच बंद. कुणी ओळखीचं भेटलं, वॉच बंद. (कुत्रं मागे लागलं की मात्र वॉच चालू, कारण तेव्हाचा वेग उत्तम असे.) तीन महिन्यांत आकडा खाली आला.

"छप्पन्न मिनिटं," त्याने एका सकाळी जाहीर केलं.

"तुम्ही बाहेर पडलात की मी वॉशिंग मशीन लावते," बायको कपडे झटकत म्हणाली. "त्याला एक तास वीस मिनिटं लागतात. ते थांबतं, तेव्हा कुठे तुमची बेल वाजते."

"तो एकूण वेळ झाला. त्यातून वजा करायचं असतं."

"काय?"

"ज्यात माझा दोष नाही ते सगळं."

बायकोने पुढचा शर्ट उचलला.

शर्यतीच्या आदल्या दिवशी त्याने तिला बजावलं, "सहाला सुटणार. सहा छप्पन्नला तू शेवटच्या रेषेवर उभी राहा. मधोमध."

"भावोजी, जरा दमानं घ्या," मेहुणा म्हणाला.

"तू तुझं बघ."

एकदा तरी तिने आपली वाट पाहावी आणि आपण सांगितल्या वेळी यावं, एवढंच त्याला हवं होतं.

पाच किलोमीटरवर त्याच्या वॉचमध्ये अठ्ठावीस मिनिटं झाली होती. रस्त्यावरच्या मोठ्या घड्याळात चाळीस. घड्याळ बिघडलंय, असं त्याने शेजारून पळणाऱ्या बाईला सांगितलं. ती पुढे निघून गेली. सहा छप्पन्नला तो सात किलोमीटरच्या पाटीखाली बसला होता. पाठ सरळ करताना त्याला फिटर आठवला, आणि त्या वेळी वॉच बंद करायचं राहून गेलं. तिकडे ती मधोमध उभी असेल, या विचाराने त्याला रडू आलं.

शेवटच्या वळणावर बुटाची नाडी सुटली. बांधायला वाकला, पण उठवेना. कसाबसा रेषेवर पोचला, तर बायको टॉवेल घेऊन समोर.

"किती वेळ उभी आहेस?" त्याने शरमेने विचारलं.

"उभी कुठली? आत्ताच आले. सात वीसला."

"मी तुला सहा छप्पन्न सांगितलं होतं."

"सांगितलं होतं की. पण रोज दार कोण उघडतं?"

म्हणजे तिने वाट पाहिलीच नव्हती. तिला ती पाहायची गरजच नव्हती. त्याने वर पाहिलं. रेषेवरच्या मोठ्या घड्याळात एक तास एकवीस मिनिटं झाली होती.

"एक मिनिट चुकलीस," तो म्हणाला. बोलण्यासारखं तेवढंच उरलं होतं.

"चुकले नाही," ती त्याच्या खांद्यावर टॉवेल टाकत म्हणाली. "मघाशी वळणावर नाडी बांधत बसला होतात ना, ते वजा करा."