सिलिंडरची आंघोळ

कॅशियरला या सहलीतून एकच गोष्ट मिळवायची होती: सकाळचा पहिला चहा त्याच्या बोटीवर व्हावा आणि त्याचा साडू, म्हणजे टायरवाला, तो प्यायला खाली मान घालून यावा. टायरवाल्याची बोट मोठी होती. गाडी मोठी होती. हसणंसुद्धा मोठं होतं. निदान चहा तरी आपला पहिला!

गॅसच्या दुकानदाराने बजावलं होतं, "थंडीत लाल सिलिंडर न्या. निळ्यातला गॅस गारठला की आतच बसून राहतो."

"लाल कोणी नेला?"

"तुमच्या साडूंनी. आत्ताच."

"मग निळा द्या."

सकाळी धक्क्याच्या दोरांवर पांढरं दव गोठलं होतं. दोन्ही बोटी शेजारी-शेजारी बांधलेल्या. कॅशियरने शेगडी पेटवली. ज्योत मोहरीएवढी झाली, लाजली आणि गेली. डेकवर जाऊन त्याने सिलिंडर हलवून पाहिला. भरलेला! शेजारच्या बोटीतून मात्र मेहुणीच्या, म्हणजे छोटीच्या, शेगडीचा फुरफुराट ऐकू येत होता. तो आवाज त्याच्या थेट काळजात पेटला.

त्याने बायकोची शाल सिलिंडरला गुंडाळली.

"अहो, मला हुडहुडी भरलीय!"

"तुला नंतर. आधी याला."

शालीने भागेना. सिलिंडर कोमट पाण्याच्या बादलीत ठेवायला हवा होता. पण पाणी तापवायला गॅस हवा, आणि गॅस यायला तापलेलं पाणी.

"छोटीकडून किटलीभर गरम पाणी आण. तोंड धुवायला म्हणून सांग."

बायको गेली, जरा वेळाने आली. सिलिंडर बादलीत बसला, ज्योत उठली, आधणाला बुडबुडे येऊ लागले. तेवढ्यात बादली गार, ज्योत गार, आधण गार. बायको पुन्हा गेली. मग पुन्हा.

"ताई," पलीकडून छोटीचा आवाज आला, "भावोजी आंघोळ करतायत की काय?"

"ते नाही गं, सिलिंडर करतोय!"

टायरवाल्याचं ते मोठं हसणं पाण्यावरून तरंगत आलं. कॅशियरने दातओठ खाऊन चौथी किटली मागवली.

चौथ्या किटलीमागोमाग टायरवाला स्वतःच आला. मान खाली.

"दादा, आमचा गॅस संपला. तुमच्याकडे आहे?"

सकाळपासून पहिल्यांदा कॅशियरला ऊब वाटली. "या, या! आमचा भरलेला आहे."

भरलेला होता, हे खरंच. चौघं त्याच्या बोटीत दाटीवाटीने बसून उन्हाची वाट पाहू लागले. दुपारी ऊन डेकवर सरकलं, सिलिंडरच्या जिवात जीव आला आणि शेगडी अशी पेटली की बस्स. चहा उकळला. कॅशियरने पहिला कप साडूच्या देखत, ऐटीत बायकोपुढे धरला.

"नको बाई," ती म्हणाली. "सकाळपासून चार झालेत. किटली भरायला गेलं की छोटी आधी कप हातात द्यायची."

"मग मला का नाही आणलास?"

"तुम्ही घेतला असतात? तिकडचा?"

कॅशियरने मनातल्या मनात हिशेब मांडला. गॅस संपला साडूचा, शाल भिजली बायकोची. आंघोळी सिलिंडरच्या चार, चहा बायकोचे चार, आपला एकही नाही. दोनदा पडताळून पाहिलं, बेरीज बरोबर होती.

तोवर हातातला कप गार झाला होता.