लुंग्यांखालची मोरपंखी

दिवेलागणीच्या वेळी केवळाबाई आपल्याच बैठकीतून आपल्याच स्वयंपाकघरात पळत गेल्या, ज्वारीच्या कोठीमागं हात घातला, तिथली उशी ओढून काढली आणि ती छातीशी धरून धापा टाकत परत आल्या. किशनराव खुर्चीत बसून हे सगळं गंभीरपणे बघत होते.

"गाडी लेट हाय," ते म्हणाले. "पुन्यांदा."

"आता पुरे की वो. गुडघे बोलायलेत माझे."

"उद्या गुडघ्याचं कोन ऐकनार? शटर वर गेलं की तू जिन्यावर पायजेस."

किशनरावांचं उभं आयुष्य लातूरच्या बसस्थानकात गाड्या पुकारण्यात गेलं होतं. निवृत्त झाले तरी त्यांना प्रत्येक कामात फलाट आणि वेळापत्रकच दिसे. आवाज तर असा, की माइक बंद पडला म्हणून निलंग्याची गाडी कधी कुणाची चुकली नाही.

कुंपणापलीकडून शेजारची विशाखा मघापासून मान उंच करून बघत होती. "मावशी, काय करून राहिल्यात वो?"

"व्यायाम," केवळाबाई म्हणाल्या.

"उशी घेऊन?"

"डाक्टरनं सांगितलंय."

विशाखाचं समाधान झालं नाही, पण खरं सांगायची सोय नव्हती. सेलची गोष्ट एका कानावर गेली की सकाळी अख्खी गल्ली आपल्या पुढं रांगेत उभी असते, हे केवळाबाईंना अनुभवानं माहीत होतं.

या तालमीचं मूळ मागच्या दिवाळीत होतं. लेक तनुजाच्या सासूला, म्हणजे उदगीरच्या नीलम्माबाईंना, केवळाबाईंनी हौसेनं जांभळी साडी आहेर केली होती. नीलम्माबाईंनी पदर हातात घेतला, काठ चिमटीत धरून चोळला, घडी पुन्हा घातली आणि म्हणाल्या, "असू द्या. घरात नेसायला व्हईल."

घरात नेसायला! म्हणजे भांडी घासताना! त्या वाक्यानं केवळाबाईंची दिवाळी कडू केली, पुढं संक्रांतीचा तिळगूळही कडू केला. बरं, बाई मनानं वाईट असती तर एकदा कडाकडा भांडून मोकळं होता आलं असतं. पण नीलम्माबाई तनुजाला पोटच्या पोरीसारखा जीव लावायच्या. त्यामुळं राग गिळण्यावाचून गत्यंतर नव्हतं. यंदा मात्र अशी साडी द्यायची की विहीणबाईंच्या तोंडून ते वाक्य निघताच कामा नये, एवढं त्यांनी मनाशी धरलं होतं.

आणि ती साडी आज दुपारीच सापडली होती. गंजगोलाईजवळच्या तीन मजली दुकानात उद्यापासून दिवाळीचा सेल लागणार होता, म्हणून दोघं आदल्या दिवशी नुसती पाहणी करायला गेले होते. मोरपंखी रंग, बारीक जरीचा काठ, पदरावर कोयऱ्या. तसली एकच होती. आजच्या भावात ती परवडणारी नव्हती आणि उद्याच्या भावात ती उरणारी नव्हती. केवळाबाई तिच्यावरून हात फिरवत तशाच उभ्या राहिल्या.

तेव्हा किशनराव हळूच, म्हणजे त्यांच्या मानानं हळूच, म्हणाले, "सेलमंदी कुनी लुंगी घेताना बघितलंस का कधी?"

"न्हाई बा."

"मंग झालं तर!"

साडी काखोटीला मारून ते वरच्या मजल्यावर गेले. चौकड्याच्या लुंग्यांचा गठ्ठा सगळ्यात खालच्या फळीवर होता. थोड्या वेळानं ते रिकाम्या हातानं आणि नारळ फोडून आल्यासारख्या चेहऱ्यानं खाली आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी केवळाबाईंनी पिठलं-भाकरी खाऊन घेतली, कारण दिवसभर पोटात काही जाईल याचा नेम नव्हता. चपलेचा भरवसा नव्हता म्हणून लेकाचे जुने पळायचे बूट घातले. शेवटी तनुजा कॉलेजात जाताना बांधायची तो स्कार्फ तोंडाला गुंडाळला. आता नुसते डोळे दिसत होते.

"हे काय? दरोडा घालायचाय का?" किशनरावांनी विचारलं.

"वळखीचं कुनी बघितलं म्हंजे? आहेराची साडी सेलात घेतली हे उदगीरला कळालं, तर माझी इज्जत ऱ्हाईल का?"

शटर अर्धं वर गेलं तोच केवळाबाई बायांच्या लोंढ्याबरोबर वाकून आत शिरल्या. तालीम फुकट गेली नाही. तळमजल्यावर बाया साड्यांच्या ढिगांवर तुटून पडल्या होत्या. किशनरावांना दाराशी सोडून बायांच्या पाठीमागून त्या जिना चढल्या, वर पोचल्या, लुंग्यांच्या कोपऱ्याकडं वळल्या आणि जागच्या जागी थिजल्या.

खालच्या फळीपुढं कुणीतरी बाई पाठमोरी उकिडवी बसली होती. तिच्या अंगावर जांभळी साडी होती. केवळाबाईंनी आधी साडी ओळखली, मग बाई ओळखली.

त्या झटकन टांगलेल्या बर्मुड्यांच्या मागं शिरल्या. नीलम्माबाई! लातुरात! आणि घरी कळवलंसुद्धा नाही! नीलम्माबाईंनी लुंग्यांखाली कोपरापर्यंत हात घातला, चाचपलं, आणि हात बाहेर आला तो मोरपंखी साडी घेऊन. त्या साडीकडं त्या बघतच राहिल्या. केवळाबाईंचा जीव तीळतीळ तुटला. पुढं व्हावं तर इज्जत जाते आणि मागं राहावं तर साडी जाते.

एवढ्यात तळमजल्यावरून निलंग्याची गाडी लागल्यासारखा आवाज आला. "केवळाऽऽ! लुंग्याखालची घावली काऽऽ?"

दुकानातल्या झाडून सगळ्या माना वर झाल्या. नीलम्माबाईंचा हात हवेतच थांबला. त्यांनी डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं, पदर डोक्यावरून नाकापर्यंत ओढला आणि साडी पोटाशी धरून मागच्या जिन्यानं तुरुतुरु निघून गेल्या.

'केवळा नावाच्या बाया लातुरात काय थोड्या हायत?' बर्मुड्यांमागं केवळाबाई स्वतःचीच समजूत घालत राहिल्या.

मैदान मोकळं झाल्यावर त्यांनी निराश मनानं लुंग्यांखाली हात घातला. एक झबलं निघालं. जीन्सची पँट निघाली. लेंगा निघाला. लुंगीला कुणी हात लावत नाही हे गुपित लातुरात सगळ्यांनाच ठाऊक होतं तर! सगळ्यात खाली एक डाळिंबी साडी होती. चांगली होती, नाव ठेवायला जागा नव्हती. पण मन मोरपंखीवर बसलेलं. नाइलाजानं त्यांनी तीच घेतली.

त्या दिवसापासून केवळाबाईंना एकच भुंगा लागला. ती साडी विहीणबाईंनी घेतली कुणासाठी? स्वतःसाठी? का त्यांच्या थोरल्या सुनेच्या आईसाठी? ती नांदेडची बाई आधीच ताठ्याची. मोरपंखी तिच्या अंगावर दिसते या नुसत्या कल्पनेनं केवळाबाईंची भाकरी तव्यावर करपली. शेवटी त्यांनी तनुजाला फोन लावला.

"सासूबाई बऱ्या हायत ना गं?"

"हाव की. परवा लातूरला मामाकडं जाऊन आल्या. दात दुखायलाय म्हनल्या, तिथल्या डाक्टरला दाखवायचा होता."

"मंग दाखवला का?"

"काय म्हाईत! आल्या तवापासून एक पिशवी कपाटात कुलूप लावून ठिवलीय. कुनालाच हात लावू देईनात."

"दात कुलपात ठिवलाय व्हय?" केवळाबाई पुटपुटल्या. यापुढं विचारावं तर आपणच सापडू, म्हणून त्यांनी तब्येतीला जप सांगून फोन ठेवला. झोप मात्र त्यांना दिवाळीपर्यंत धड लागली नाही.

दिवाळीला लेक-जावई, व्याही बसवराजअप्पा आणि नीलम्माबाई अशी सगळी मंडळी फराळाला आली. नीलम्माबाई जांभळ्या साडीतच होत्या. चकल्या झाल्या, चहा झाला, आणि केवळाबाईंनी कुंकू लावून डाळिंबी साडी पुढं केली.

ती बघताच नीलम्माबाईंचे डोळे विस्फारले. त्यांनी साडी हातात घेतली, काठ चिमटीत धरला, एकदा केवळाबाईंकडं पाहिलं, एकदा किशनरावांकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "असू द्या. घरात नेसायला व्हईल."

केवळाबाईंच्या डोळ्यांत पाणीच यायचं बाकी राहिलं. एवढी धावाधाव करून पुन्हा तेच वाक्य! पण रडायला सवड मिळाली नाही, कारण नीलम्माबाईंनी आपली पिशवी उघडली आणि मोरपंखी साडी त्यांच्या ओटीत घातली.

केवळाबाईंनी हरखून घडी अर्धी उलगडली. तीच कोयरी, तोच काठ. अगं बाई, किती सुंदर, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. पण तसं म्हटलं तर वर्षभराची लढाई एका श्वासात हरल्यासारखं झालं असतं. तोंडातून शब्द आले ते भलतेच.

"असू द्या. घरात नेसायला व्हईल."

आणि आपलंच वाक्य कानावर पडलं तेव्हा त्यांना कळलं, की साडी फार आवडली म्हणजे विहिणीनं विहिणीला काय म्हणायचं असतं. त्यांनी नीलम्माबाईंच्या अंगावरच्या जांभळ्या साडीकडं नीट पाहिलं. धुऊन धुऊन पदराचा रंग उतरला होता, निऱ्यांशी काठ विरला होता. बिचारीनं वर्षभर दुसरं काही नेसलेलं दिसत नव्हतं. केवळाबाईंना स्वतःचीच लाज वाटली आणि त्याहून जास्त आनंद झाला.

नीलम्माबाईंनी त्यांचा दंड धरला आणि त्यांना स्वयंपाकघरात ओढून नेलं.

"अय्यो इहीणबाई," त्या कुजबुजल्या, "म्या तुमच्यासाठी डाळिंबीच ठिवल्ती तिथं. काढाय गेले तर ही मोरपंखी हाताला लागली. म्हनलं, तुमाला हीच शोभंल. तेवढ्यात इवायाचा आवाज आला."

"सगळ्या दुकानाला आला तो."

"पुढल्या साली लुंग्याखाली नगं. समदं लातूर तिथंच ठिवायलंय." नीलम्माबाईंनी दाराकडं बघून आवाज आणखी खाली आणला. "वरल्या मजल्यावर उशा हायत. त्याच्या खोळीत घालू. पर तिथून काढून पळाय जमंल का तुमाला?"

"त्याची काळजी नगं," केवळाबाई म्हणाल्या. "उशीची तालीम झालीय माझी."