काठीत न बसलेला चष्मा

आमच्या गल्लीत रोज सकाळी, शटरं वर जायच्या आत, एक म्हातारा दहा फुटी बांबू उभा धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जातो. प्रत्येक दुकानापाशी थांबतो. बांबू पाटीखालून सरकवतो, एक डोळा मिटून वर बघतो आणि निकाल देतो. "बसतं" किंवा "नाय बसत". बसलं तर गडी पुढं. नाही बसलं तर तुमच्या दिवसाचं वाटोळं झालंच म्हणून समजा.

हे पदाजी नाना. माझ्या दुकानासमोरच त्यांचं घर. खाली ओटी, वर एक खोली, आणि त्या खोलीच्या खिडकीत दिवसभर बसलेल्या नानी. नानांना काहीही विचारा, उत्तर एकच. "काठीला इचार." पाटी किती लांब लावू? काठीला इचार. छप्पर पुढं घेऊ का? काठीला इचार. एकदा मी सहज म्हणालो, "नाना, वय काय हो तुमचं?" तर तेही काठीलाच विचारायला सांगितलं.

आमचं गावठाण म्हणजे खाडीकाठचं जुनं आगरी गाव. चारी बाजूंनी टॉवर उठले आणि मधोमध ही कौलारू घरांची गल्ली तेवढी राहिली, इतकी अरुंद की समोरासमोरचे दुकानदार आपापल्या गल्ल्यावरून एकमेकांना तंबाखू देतात. ओट्यांची दुकानं झाली. मेडिकल आलं, सलून आलं, मोबाइलवाला आला, आणि चार वर्षांपूर्वी मी आलो. मी साताऱ्याकडचा. वडील मार्केटात माथाडी होते. त्यांनी पाठीवर गोणी वाहिल्या, मी लोकांच्या नाकावर चष्मे ठेवतो. नाना मला नावानं कधीच हाक मारत नाहीत. "ए सातारा!" एवढंच. ऐकणाऱ्याला वाटावं, अख्खा जिल्हाच त्यांनी कामाला ठेवलाय.

पाट्यांचे नियम नानांच्या एका शाळकरी वहीत आहेत. गटाराच्या रेषेबाहेर जे काही येईल ते काठीच्या वरच्या खाचेच्या वर पाहिजे, हा मुख्य नियम. बाकीचे नाना गरजेप्रमाणे वाढवतात. लुकलुकणारे दिवे नकोत, का? तर देवी दचकेल. सलूनवाल्यानं उघड्या अंगाच्या पैलवानाचं चित्र लावलं, तर नाना दोन दिवस समोर उभे राहून शेवटी म्हणाले, "याला बनियन घाल." त्यानं खरंच रंगवून घेतलं. आजही तो पैलवान बनियन घालून केस कापायला बोलावतो.

एकदा पालिकेचा माणूस पाट्या मराठीत आहेत की नाही ते तपासायला आला. नानांनी त्याच्या हातात काठी दिली आणि म्हणाले, "पाटीवर काय लिवायचं त्यो नियम तुमचा. पाटी कुठं टांगायची त्यो नियम माझा. धर सरळ." बिचाऱ्यानं अख्खी गल्ली काठी धरून मोजली. जाताना मला हळूच विचारलं, "हे कुठल्या खात्याचे?" मी सांगितलं, देवीच्या.

कारण या सगळ्याच्या मुळाशी होती गावदेवीची पालखी. जत्रेला पालखी गावातून फिरते, पालखीवर उंच दांड्याची छत्री धरतात, आणि छत्रीशिवाय पालखी पाऊल टाकत नाही. नाना तरुणपणापासून पालखीच्या पुढं चालणारे. हातात हीच काठी, टोकाला बेचकं. आडव्या आलेल्या विजेच्या तारा, कपड्यांच्या दोऱ्या, सगळं बेचक्यानं वर उचलायचं आणि छत्रीला वाट करून द्यायची. काठीची वरची खाच म्हणजे छत्रीच्या कळसाची उंची. म्हणून एखादी पाटी खाली आली की नाना कळवळायचे, "देवीला वाकाय लावशील काय रे?"

नवीन होतो, मी मान डोलावली. पहिल्या वर्षी जत्रेला दुकानाचा ओटा धुतला, रांगोळी काढली, नारळ घेऊन उभा राहिलो. नाना पांढरा सदरा, टोपी घालून ओटीवर. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी, मेन रोडवर, डीजेचा धडधडाट आला. गुलाल उडाला. पालखी गल्लीचं तोंड ओलांडून सरळ पुढं निघून गेली. मी नारळ हातात घेऊन तसाच.

चहावाल्यानं सांगितलं, "येडा झालायस का? पालखी इथनं येतच नाय आता. डीजेची गाडी गल्लीत वळत नाय, म्हनून पोरांनी मेन रोड धरलाय. चार वर्षं झाली."

चार वर्षं! मग आम्ही रोज सकाळी काठीखाली कशासाठी माना घालत होतो? माझं डोकं सटकलं. तसाच समोर गेलो. "नाना, पालखी येत नाही तर मग हे मोजमाप कुणासाठी?"

नानांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली. "येत नाय म्हनून वाट बुजवाची काय?"

पण मी ठरवलं, माझी पाटी लागणार म्हणजे लागणार. कारण माझं दुकान गल्लीत आत, मेन रोडवरून दिसायचं नाही. गिऱ्हाईक चष्म्याचं, त्याला मुळातच कमी दिसतं. ते माझं दुकान शोधणार कसं? भिंतीला चिकटलेल्या पाटीचा उपयोग शून्य. मला हवी होती गल्लीत आडवी बाहेर येणारी, लांबून चमकणारी पाटी. आणि वर सरकवावी तर घरमालकाची गॅलरी. म्हणजे काठीत बसणं शक्यच नव्हतं.

मध्यंतरी नानींना चष्मा करून दिला. त्यांचे गुडघे गेलेत, जिना उतरणं बंद. खिडकीतूनच टोपलीला दोरी बांधून खाली सोडायच्या, त्यात भाजीवाला भाजी घालायचा, कोळीण बोंबील घालायची. भाव मात्र वरूनच असा करायच्या की कोळीण हात जोडायची. मी डोळे तपासायला वर गेलो. म्हटलं, "नानी, तांदूळ निवडायला जवळचा नंबर देतो."

"तांदूळ हातानं कळतान मना. लांबचं दिसाय पायजे."

"खोलीत बसून लांबचं काय बघायचंय?"

"तू दे रं बाबा," नाना मधेच म्हणाले आणि विषय तोडला. मी दिला. खिडकीतून लांबचं म्हणजे गल्लीच्या तोंडाशी दिसणारी मेन रोडची वीतभर फट. एवढ्यासाठी लांबचा नंबर? पण गिऱ्हाईकाशी वाद घालू नये.

मग यंदा जत्रेच्या आठ दिवस आधी नाना दोन दिवसांसाठी लेकीकडे उलव्याला गेले. मी संधी साधली. पावणे गावातल्या एका वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करून घेतलेला भलाथोरला चष्मा, लोखंडी कड्यांचा, कडेनं लाल एलईडी, दुकानाच्या कपाळावर गल्लीत आडवा ठोकला. काय दिसत होता! मेन रोडवरचे रिक्षावाले मान वळवून बघायचे. त्याच दिवशी तीन गिऱ्हाइकं आली.

नाना परतले. सकाळी काठी आली. चष्म्याच्या उजव्या कडीला ठक्कन लागली. नानांनी खाच बघितली, चष्मा बघितला, मला बघितलं.

"दीड वीत खाली."

"नाना, पालखी येत नाही इथून."

"जत्रेआधी उतरव." एवढं बोलून गेले. त्या दिवसापासून 'ए सातारा' बंद. रोज सकाळी नुसतं ठक, आणि पुढं. खरं सांगतो, शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. ते ठक ऐकलं की मी पुसलेल्याच काचा परत पुसायला घ्यायचो. पण चष्मा मी उतरवला नाही. मीही साताऱ्याचा.

आणि झालं काय, तर जत्रेच्या आदल्या दिवशी पाइप टाकायला मेन रोड खणला. कमरेएवढा खड्डा, आडवा. उत्सव मंडळाचा अध्यक्ष घाम पुसत नानांच्या ओटीवर आला. "नाना, डीजे नाय, काय नाय. गल्लीतनं काढाय लागंल. वाट हाय का?"

नाना उठून उभे राहिले. "सात वर्षं हाय."

वाट होती, सगळी होती, सात वर्षं रोज मोजलेली. फक्त एका ठिकाणी दीड वीत कमी होती, आणि तिथं माझा चष्मा लटकत होता. वर्कशॉपवाल्याला फोनवर फोन केले, तो गावाला. शेजाऱ्याकडून पाना आणला, नट हलेना, गंजू नये म्हणून त्यावर रंग फासून ठेवला होता माझ्याच शहाणपणानं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एक नट कसाबसा सुटला, बाकीचे तीन जागेवर. शेवटी नानांसमोर गेलो आणि सरळ हात जोडले. "चुकलो, नाना."

ते सदऱ्याची बटणं लावत होते. "तिथं छत्री तिरकी घेऊ," म्हणाले. "बघू."

पाच वाजता ढोल-ताशा वाजला आणि पालखी गल्लीत शिरली. पुढं नाना. काय चालत होते! काठी वर, तार उचल, दोरी उचल, "येऊ द्या, येऊ द्या!" मेडिकलची पाटी, वर दोन बोटं मोकळी. मोबाइलवाल्याचं छप्पर, बरोबर. बनियनवाला पैलवान, बरोबर. छत्रीचा कळस सगळ्या पाट्यांना चुकवत असा आला की दुकानदारांनी टाळ्याच वाजवल्या. आणि मग माझं दुकान. छत्री तिरकी केली, कळस चष्म्याखाली घेतला, पण गर्दीचा रेटा आला, कळस उसळला आणि उजव्या कडीतून आरपार गेला. छत्री अडकली. पालखी थांबली. ढोल थांबला.

अख्खा गाव माझ्याकडं बघत होता. मी स्टुलावर चढून कळस ओढत होतो, तो सुटेना. "नाना, बेचकं लावा! नाना!"

बेचक्याचा एक झटका पुरला असता. पण नाना हलले नाहीत. ते वर बघत होते.

मीही वर बघितलं. पालखी बरोबर नानींच्या खिडकीखाली थांबली होती. नानी खिडकीच्या गजांना धरून पुढं वाकल्या होत्या, मी दिलेला लांबचा चष्मा त्यांनी कपाळावर सारला होता, कारण आता लांबचं काहीच बघायचं नव्हतं. देवीशी बोलत होत्या. काय ते ऐकू येत नव्हतं, पण बरंच साचलेलं असावं, थांबतच नव्हत्या.

तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. सात वर्षं ही बाई त्या वीतभर फटीतून गुलाल उडताना बघत होती. नंतर कळलं, नाना खुर्चीत बसवून मेन रोडला नेतो म्हणाले तर म्हणायची, देवी माझ्या दारात येत होती, मी कशाला मिरवत जाऊ? आणि खाली हा माणूस रोज सकाळी तिच्या देवीची वाट मोजत होता. मला लाज वाटली. डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.

"नाना, उशीर होतोय!" अध्यक्ष ओरडला.

"घाई काय हाय?" नाना म्हणाले आणि काठी खांद्याला टेकवून उभे राहिले.

मग वरून टोपली सुटली. भाजीची तीच टोपली, तीच दोरी. आत खण, नारळ, तांदूळ, मोगऱ्याची वेणी. नानींची ओटी सावकाश हेलकावे खात पालखीपर्यंत आली. पुजाऱ्यानं ती देवीपुढं ठेवली, टोपलीत प्रसाद घातला, टोपली वर गेली. नानांनी डोळे पुसले, बेचकं लावलं, एक झटका दिला. छत्री मोकळी.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी पाना घेऊन स्टुलावर चढलो. कुणी सांगायच्या आत चष्मा उतरवून टाकायचा म्हणून. काठी आली. ठक.

"ए सातारा! काय करतंस?"

"उतरवतोय, नाना. काठीत बसत नाही."

नानांनी खिशातून वही काढली, कानावरची पेन्सिल काढली, बराच वेळ काहीतरी लिहिलं आणि पान मला दाखवलं. दुकान नंबर आठ, चष्मा, दीड वीत खाली, चालेल.

"अहो, पण पुढच्या वर्षी रस्ता होईल. पालखी तिकडूनच जाईल."

"जाईल."

"आणि चुकून इथून आली, तर पुन्हा अडकेल की हो."

नानांनी समोरच्या खिडकीकडे बघितलं. नानी टोपली खाली सोडून कोळिणीशी भांडत होत्या.

"आली तं अडकाय पायजे ना कुठंतरी," नाना म्हणाले आणि काठी घेऊन मेडिकलकडे निघाले.

मी खिशातून कालचा सुटलेला नट काढला आणि परत घट्ट बसवला.