अवलंबितांचे साप्ताहिक अद्ययावतीकरण

माणसाने कोणावरही विसंबून राहू नये असं सगळ्या थोर माणसांनी सांगून ठेवलं आहे, आणि आपण पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या सांगण्यावर विसंबून आहोत. शहापूर-मुरबाड संयुक्त भात व वनोपज सहकारी संघाचंही हेच ब्रीद. संघाच्या फाटकावर 'स्वावलंबन हाच धर्म' असं हातभर उंच अक्षरांत रंगवलेलं आहे. (अक्षरं रंगवायला अनुदान आलं होतं.)

संघाचे सचिव पंढरी वेखंडे हे ब्रीद मनापासून मानत. मूळचे वैशाखऱ्याचे, पण नोकरी आणि सासुरवाडी दोन्ही शहापुरात, म्हणून बिऱ्हाडही शहापुरात. गावी म्हातारी आई, गुणाबाई, एकटी. तिचा एक डोळा मोतीबिंदूने गेलेला, दुसऱ्याने चुलीतला जाळ तेवढा दिसे. त्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन करायचं तर याच महिन्यात करा, नंतर हात लावण्यात अर्थ नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्याप्रमाणे संघाच्या आरोग्य कार्डावर कल्याणच्या एका दवाखान्यात गुरुवारची तारीख मिळाली होती. पंढरीभाऊंना आईची फार काळजी. काळजीचं एक बरं असतं, ती करायला गावी जावं लागत नाही.

आता संघाच्या आधुनिकीकरणाकडे वळू.

भाताची आवक, हिरड्याचं वजन, सभासदांची आरोग्य कार्डं, सगळं आता संगणकावर चालतं. ही कामं बाहेरच्या कंपनीच्या मशीनवर चालवावीत असा मुंबईच्या सल्लागारांचा सल्ला होता. अध्यक्ष म्हणाले, "आपला भात आपल्या गोदामात, तर आपलं मशीन दुसऱ्याच्या घरात कशाला?" ठराव झाला. गोदामाच्या एका कोपऱ्यात जाळी मारून तीन मशीनं बसवली. त्यांना रनर म्हणतात. राजभाषेच्या आदराखातर संघाच्या कागदोपत्री ते 'धावक' झाले. धावक धावत नाहीत. ते एका जागी बसून असतात आणि त्यांना एसी आहे, कारण धावक तापले तर काम थांबतं. रांगेतले सभासद तापले तर काहीच थांबत नाही.

धावकांवरचं एकेक काम वेगळ्या बंद कंटेनरात चालतं, म्हणजे एकाचं बिघडलं तरी शेजारच्याला लागण होत नाही. हे कंटेनर जमा करून घ्यावेत असा आदेश गोदामपाल धाकलूला गेला. त्याने दोन दिवस शोधले आणि शेरा मारला: 'कंटेनर. प्रत्यक्ष दिसत नाहीत. आहेत असे साहेब म्हणतात.' लेखापरीक्षकांनी या शेऱ्याचं कौतुक केलं. संघाच्या इतर बऱ्याच वस्तूंना तो लागू पडत होता.

या सगळ्यात एकच अडचण होती. कोणताही प्रोग्राम एकटा येत नाही. एकाला आवतण द्यावं आणि जीपभर माणसं उतरावीत, तसा एक प्रोग्राम दुसऱ्या दहांवर विसंबलेला असतो आणि ते दहा आणखी कोणावर. हे सगळे भराभर जुने होतात. मग जुने काढा, नवे घाला, बिनकामाचे वगळा. हे हाताने करायचं तर माणूस ठेवावा लागेल, म्हणून प्रज्वलने ते आपोआप होईल अशी सोय केली. प्रज्वल हा संघाचा कॉम्प्युटर इंजिनियर, आसनगावचा, कामाला वाघ. दर सोमवारी सकाळी धावक आपापल्या कंटेनरांतून फिरतील, 'अवलंबित' नावाची फाइल दिसेल ती उघडतील, आतल्या प्रत्येकाचं वय, उपयोग आणि देखभाल तपासतील आणि निकाल लावतील.

फाइलचं नाव 'अवलंबित' का? तर एका प्रोग्रामला लागणाऱ्या बाकीच्यांच्या यादीला इंग्रजीत डिपेंडन्सी म्हणतात, आणि संघात फाइलींची नावं मराठीतच असावीत, असा पंढरीभाऊंनी स्वतः मांडलेला ठराव होता. आणि सभासदांच्या आरोग्य कार्डांवर ज्यांची नावं आहेत, म्हणजे आया, बाप, बायका, पोरं, त्यांच्या फाइलचं नाव काय होतं? तेही 'अवलंबित'च. मराठीत दुसरा शब्द आहे कुठे?

धावक निःपक्षपाती असतात. पहिल्याच सोमवारी त्यांनी दोन्ही प्रकारच्या अवलंबितांना एकाच मापाने मोजलं आणि सभासदांच्या फोनवर संदेश पडले.

धसईच्या भगीरथला आला: 'अवलंबित: रेश्मा (पत्नी). नवी आवृत्ती उपलब्ध आहे.' भगीरथने तो घरात मोठ्याने वाचून दाखवला. (सध्या तो धसईच्या बाजारात वडापाव खाऊन राहतो.)

कसाऱ्याच्या शामला: 'सकुबाई (आई) आणि भूमिका (पत्नी) परस्परांशी जुळत नाहीत. दोन्ही एकत्र चालवल्यास यंत्रणा कोसळू शकते.' शाम म्हणाला, "आता हे सांगाया एसी लागतो काय?"

टोकावड्याच्या एका बापाला: 'आदेश (मुलगा, वय एकतीस). अद्याप चाचणी अवस्थेत. प्रत्यक्ष कामासाठी वापरू नये.' त्या बापाने संघात येऊन धावकांसमोर नारळ फोडला.

हे झाले किरकोळ. मुख्य यश पुढेच होतं. कार्डांवरच्या म्हाताऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक 'देखभाल बंद' या सदरात निघाले. देखभाल आहे की नाही हे धावकांना कसं कळलं? संघाचं ॲप फोनमध्ये घेताना त्याने विचारलं होतं, तुमचे कॉल बघू का, तुम्ही कुठे जाता-येता ते बघू का, हरकत आहे का? सर्वांनी 'नाही' दाबलं होतं. या दोन तालुक्यांत हरकत विचारली की उत्तर एकच असतं. ग्रामसभेत विचारा, बांधावर विचारा, लग्नाच्या मांडवात लाउडस्पीकरवाल्याने विचारलं तरी तेच. हरकत? नाय. ज्याने एकदा हरकत घेतली त्याच्या नातवाला मुलगी देताना लोक विचार करतात.

म्हणून म्हाताऱ्यांच्या बाबतीतही तोच सभ्य प्रश्न ठेवला होता: 'सदर अवलंबितास वगळण्यात येत आहे. हरकत?' खाली दोन बटणं, 'आहे' आणि 'नाही'. सगळीकडून 'नाही' आलं. एकही तक्रार नोंदली गेली नाही. कार्डांचा भार हलका झाला, अध्यक्षांनी पत्रकारांना पेढे दिले, आणि सचिव पंढरी वेखंडे यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. सत्काराचा फोटो निघत असताना पंढरीभाऊंच्या खिशात फोन वाजत होता. त्यांनी एका हाताने नारळ सांभाळत दुसऱ्या हाताने आलेल्या सगळ्या संदेशांना 'नाही', 'नाही', 'नाही' दाबलं आणि हसरा चेहरा केला.

बुधवारी कल्याणच्या दवाखान्यातून फोन आला. "गुणाबाई वेखंडे उद्याला आहेत ना? तुमच्या कार्डावर नाव दिसत नाही."

पंढरीभाऊ तसेच गोदामात गेले. प्रज्वल जाळीपलीकडे एसीत स्वेटर घालून बसला होता.

"प्रज्वल, मशीन चुकली रे. माझी आई उडवली."

प्रज्वलने बघितलं. "मशीन नाय चुकली काका. गुणाबाई, आवृत्ती एकोणीसशे अठ्ठेचाळीस. वर्षभरात तुमचे कॉल दोन, त्यातला एक चुकून लागलेला. भेट एक, गणपतीत. मुक्काम नाय. देखभाल बंद. तुमाला विचारलं होतं, तुमी हरकत नाय म्हणालात."

"अरे, पण मला तिची रोज आठवण येते!"

"आठवणीची नोंद होत नाय काका. तशी सोय नाय अजून."

"मग हाताने घाल नाव."

"घालतो की. पण हाताने नाव घालील त्याला निलंबित करायचं, हा ठराव तुमीच मांडलाय." प्रज्वलने खुर्ची वळवली. "वापराचा पुरावा तयार करा. लोकेशन चालू ठेवून गावी जा, आईजवळ बसा, मशीनला दिसू द्या. मग अर्ज करता येईल."

पंढरीभाऊंना लाज वाटली. ती बराच वेळ टिकली, म्हणजे शहापूर बसस्टँडपर्यंत. पुढे तिची जागा रागाने घेतली. आपल्याच आईकडे जायला आपल्याला मशीनची परवानगी लागावी? (परवानगी नव्हे, पुरावा लागत होता. पण रागात माणूस फरक करत नाही.) गुरुवारी सकाळी पहिल्या गाडीने किन्हवलीमार्गे सरळगाव, तिथून माळशेजकडे जाणारी एसटी. लोकेशन चालू. वाटेत त्यांनी तीन वेळा फोन काढून आपण कुठे आहोत ते धावकांना दिसतंय ना, याची खात्री केली. आईसाठी केळीही घेतली आणि केळ्यांचा फोटो काढून ठेवला.

घराला कडी. चूल विझलेली. ओटीवर पाण्याचा हंडा भरलेला, आणि त्याच्या शेजारी नीट रचलेल्या जळणाच्या फाट्या. आई तर आंधळी, मग पाणी भरलं कोणी, हा प्रश्न पंढरीभाऊंना आयुष्यात पहिल्यांदा पडला. त्यांनी आईला फोन लावला. (या वर्षातला तिसरा.)

उचलला तो भिमीने. भिमी म्हणजे वरच्या वाडीतली ठाकरीण, हिरडा-मोह वेचून संघाला देणारी सभासद.

"पंढरीदादा? आमी कल्यानला दवाखान्यात हाव. आत्ता आत नेतील म्हातारीला."

"अगो, पण कार्डावर नाव नाय तिचं!"

"माज्या कार्डावर हाय. मशीनचा मेसेज आलावता. 'गुणाबाई यांचा नियमित वापर आपल्याकडून आढळला. आपल्या अवलंबितांत घेण्यास हरकत?' मी दोनदा वाचला. म्हनलं, नाय. मना कसली हरकत?"

धावक सांगतील तेवढंच करतात. कोणी सोडून दिलेला अवलंबित आणखी कोणाच्या उपयोगात आहे का, हे बघून त्याला तिथे जोडणं ही त्यांची नेहमीची पद्धत आहे. भिमीचा फोन वर्षभर रोज सकाळी गुणाबाईच्या ओटीवर दिसत होता. धावकांना त्यात नातं, जात, वाडी, गाव काही दिसलं नाही, कारण ते रकाने प्रज्वल भरायला विसरला होता.

मग गुणाबाईच फोनवर आली. "पंढरी? बरा हायस ना बाबा? गावाला आलास? सनवार हाय का काय आज?"

"नाय गो आये. असाच आलो."

"असाच?" म्हातारी हसली. "भिमी मना वापरते, असं मशीन बोललं म्हनं. मी म्हनलं, वापर गो, अजून चालतंय थोडं. आता मी तिच्या कार्डावर. तुजी काय हरकत नाय ना रे?"

पंढरीभाऊंनी केळी हंड्याशेजारी ठेवली. तोंडून शब्द फुटला तो सवयीचाच.

"नाय," ते म्हणाले.

ऑपरेशन उत्तम झालं. गुणाबाईला आता सुईत दोरा ओवता येतो. पट्टी सोडली तेव्हा समोर भिमी होती, म्हणून पहिलं तिला बघितलं. पंढरीभाऊंनी वापराच्या पुराव्यासह रीतसर अर्ज केला, पण एक अवलंबित एकाच कार्डावर राहू शकतो, या त्यांच्याच नियमाने तो फेटाळला गेला. फेटाळल्याच्या शेऱ्याखाली सही सचिवांचीच लागते, ती त्यांनी केली.

प्रयोग यशस्वी ठरल्यामुळे ही सोय आता संघापुरती राहिलेली नाही. इतरही ॲपांनी ती उचलली आहे असं ऐकतो. त्यामुळे हे वाचून पंढरीभाऊंना हसणाऱ्या सुशिक्षित वाचकाला एक नम्र विनंती. मागच्या सोमवारी सकाळी, घाईत, तुमच्याही फोनवर काहीतरी उगवलं होतं. बारीक अक्षरं, खाली दोन बटणं. तुम्ही नेहमीसारखं 'नाही' दाबलंत आणि चहा प्यायलात.

वर नाव कोणाचं होतं, ते वाचलं होतंत ना?