विकणे आहे : फ्लॅट, शिशासकट

"दोन आठवड्यांत फ्लॅट विकून दाखवतो, बघच तू!" डॉक्टर उज्ज्वल गजभियेनं बायकोला छातीठोकपणे सांगितलं. साल होतं दोन हजार सहा, आणि सिंगापूरमधल्या हौगांगच्या त्या फ्लॅटला गिऱ्हाईकही लागलेलं होतं. घाई होती ती संजूच्या शाळेची. लेकीला हवी ती शाळा मिळायची तर घर शाळेपासून एका किलोमीटरच्या आत हवं, आणि तिथे घर घ्यायचं तर आधी हे विकायला हवं. नावनोंदणीला उरला होता जेमतेम महिना!

उज्ज्वल संशोधक. नुकताच सहा महिने अमेरिकेत राहून आलेला. तिथे जुनं घर भाड्यानं घेताना मालकानं एक फॉर्म पुढे केला होता : भिंतीच्या रंगात शिसं असल्याचं माहीत असेल, तर ते आधीच सांगायचं. उज्ज्वल त्या फॉर्मच्या प्रेमातच पडला!

"इथे कोणी मागितलाय का तो फॉर्म?" दीक्षानं विचारलं.

"नाही मागितला म्हणून सांगायचं नाही? रविवारी विहारात पंचशील म्हणतो ना आपण? मुसावादा वेरमणी! खोटं बोलायचं नाही."

"अरे, पण न विचारलेलं सांगत सुटा, असं कुठे म्हटलंय त्यात?"

उज्ज्वल ऐकतोय थोडाच! लॅबमधून तो एक बाटली घेऊन आला. भिंतीवर थेंब टाकायचा, रंग गडद झाला की शिसं! बेडरूममध्ये काही नाही. हॉलमध्ये काही नाही. शेगडीमागच्या भिंतीवर थेंब टाकला मात्र, भिंत गडद तांबूस झाली! घरभर सडक्या अंड्यांचा वास सुटला.

"सापडलं!" हरवलेलं पाकीट मिळाल्यासारखा तो ओरडला. मग एकदम लेकीकडे वळला. "संजू, ही भिंत कधी चाटलीस का गं?"

"पापा, आय नॉट कॅट, लाह!"

तरी त्यानं तिचं रक्त तपासून घेतलं. रिपोर्ट येईपर्यंत दोन दिवस त्याला घास गिळवेना. रिपोर्ट स्वच्छ आला तेव्हा लेकीला पोटाशी धरून हा गडी चक्क रडला. आणि डोळे पुसून तीन पानी जाहीरनामा लिहायला बसला.

लागलेल्या गिऱ्हाइकानं पहिलं पान वाचलं, नाक दाबलं आणि लिफ्ट गाठली. त्यामागून आलेल्या चौघांनी जिना गाठला. एजंटनं फोन उचलणं बंद केलं.

"आठ दिवस राहिलेत, उज्ज्वल!" दीक्षानं कॅलेंडर त्याच्यापुढे आपटलं. "तुझ्या खरेपणापायी पोरीची शाळा जाणार!"

अशात शेजारच्या ब्लॉकमधल्या रोहाना आंटी घर बघायला आल्या. मलय बाई, लेकाच्या लग्नाआधी त्याला घर हवं होतं. दीक्षानं डोळे वटारले. उज्ज्वलनं जाहीरनामा काढलाच!

आंटींनी तो वाचलाच नाही. तडक भिंतीशी गेल्या, नखानं खरवडलं, बोट नाकाशी नेलं. म्हणाल्या, "तुमचा मसाल्याचा डबा आणा. आणि ती बाटली."

बशीत चिमूटभर हळद, तिच्यावर एक थेंब. हळद गडद तांबूस!

"आलामाक! कुन्यित, लाह!" आंटी कपाळावर हात मारून म्हणाल्या. "हळद ही! साबण, सोडा, असलं काहीही पडलं की लाल होते. आमच्याकडे कोणत्याही सुनेला विचार!"

नऊ वर्षांच्या फोडण्या त्या भिंतीवर उडालेल्या. उज्ज्वलचं तोंड एवढंसं झालं. तो कागद फाडायला लागला.

"थांब!" आंटींनी हात धरला. "जे नाही ते तीन पानं लिहिलंस. हळदीचा डाग जन्मात निघत नाही, ते कुठे लिहिलंय?"

उज्ज्वलनं 'शिसं' खोडलं, 'हळद' लिहिलं. एवढा खरा माणूस दुसरं काही लपवणार नाही, असं म्हणत आंटींनी घर घेऊन टाकलं. दीक्षाचा जीव भांड्यात पडला. दोघं त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला गेली.

लिफ्टचं दार लागता लागता आंटींनी कुतूहलानं विचारलं, "पण तू डॉक्टर कशाचा रे?"

न विचारलेलं सगळं सांगणाऱ्या उज्ज्वलनं विचारलेल्या ह्या एका प्रश्नाला मात्र उत्तर दिलं नाही. ते दीक्षानं दिलं.

"रंगांचा!"