पाच हजार चाळीस

सुनेचं एकच खटकायचं. माणसांचं कौतुक करताना तिची जीभ अडायची, पण आकड्यांपुढे बाईसाहेब विरघळायच्या. सासूबाईंनी तीस वर्षं बटणांचा कारखाना निव्वळ जिभेच्या जोरावर चालवला होता, शाळा जेमतेम दुसरीपर्यंत. आणि ही म्हणते, "आई, पाच हजारांवर चाळीस जास्त काढू."

"वरचे चाळीस कुणाच्या नावाने?"

"गिऱ्हाइकाकडे सात, आठ अन् नऊ बटणांचे कोट आहेत. पाकीट कितीचंही चालेल, पण सगळी सारखी हवीत. पाच हजार चाळीसला कितीनेही भागा, एक ते दहा, कुणालाच नाही म्हणत नाही. साठ भाजक आहेत त्याला, साठ."

"या घरात दोघांचं पटत नाही," सासूबाई म्हणाल्या, पण आकडा मनात भरला. गिऱ्हाईक मोठं होतं, पहिल्यांदाच येत होतं. एक पाकीट उणं निघालं की पुन्हा पायरी चढणार नव्हतं.

सुनेने दोनदा मोजून बटणं ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून कारखान्यातल्या बायकांनी आठ-आठची पाकिटं भरली. शेवटच्यात सातच.

"मग सातांची करा," सासूबाईंनी फर्मावलं.

सगळी उघडली, पुन्हा भरली. शेवटच्यात सहा.

"नऊ."

शेवटच्यात आठ. संध्याकाळची गाडी यायला तासभर उरलेला. नवं बटण काढावं, तर त्या तपकिरी रंगाचा माल संपलेला.

"एक बटण गेलंय," सून म्हणाली. "पाच हजार एकोणचाळीस उरलीत, आणि ही मूळ संख्या आहे. भाग एकने जाईल नाहीतर स्वतःनेच. बाकी कुणाला दारात उभं करत नाही."

"काल साठांशी गोडीगुलाबी अन् आज कुणाशी बोलणं नाही? एका बटणाने?"

"एकानेच."

अशी घरं सासूबाईंनी पाहिली होती. एक माणूस उठून गेलं की उरलेल्यांची तोंडं दहा दिशांना. आकड्यालाही हे कळतं, याचं त्यांना मनापासून नवल वाटलं.

पण चोर सापडायला हवा होता. बायकांचे खिसे उलटे झाले, केरसुणी झटकून झाली. "आता मीच बघते," म्हणत सासूबाई स्वेटरच्या बाह्या सारायला गेल्या. उजवी सरसर वर गेली. डावी मनगटाशीच अडली.

तिथे तपकिरी बटण होतं. सकाळी जुनं तुटलं, तेव्हा एवढ्या ढिगातलं एक त्यांनीच उचलून लावलेलं.

कुणी हसलं नाही. सुनेने कात्री पुढे केली.

गाडी पाचशे साठ पाकिटं घेऊन गेली, सगळी नऊ-नऊची. सासूबाई लोंबती बाही सावरत दारात उभ्या होत्या.

"काय गं, तुझ्या त्या आकड्याचं साठ जणांशी जमतं ना?"

"हो, आई."

"मग एकसष्टावी मला धर. आणि ही बाही घे, बटण लाव. दुसऱ्या रंगाचं."